टीव्हीसमोर गेम खेळून खरंच व्यायाम होतो का? अनुभव हवेत

निशिगंधा७९ (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४५, नोकरी मुंबईत, सकाळी सव्वासातची लोकल आणि घरात पाय ठेवेपर्यंत संध्याकाळचे पावणेआठ. मार्चमधे ऑफिसच्या चेकअपमधे एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले गोळी आत्ताच नको, पाच-सहा किलो वजन उतरवा, रोज अर्धा तास चाला, मग बघू. एप्रिल-मे मी खरंच चालले, रात्री जेवणं आटोपली की मी आणि समोरच्या वहिनी निघायचो. पण जून लागला तसं सगळं थांबलं, रस्त्यावर पाणी, कडेला उकरून ठेवलेलं, त्यात अंधार, वहिनींचा पाय मुरगळला आणि तेव्हापासून दोघीही घरातच.

आता मुद्दा. दीर अमेरिकेहून आले होते ते जाताना लेकासाठी निन्टेन्डो स्विच (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) आणि त्यातला रिंग फिट ॲडव्हेंचर नावाचा गेम ठेवून गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गाडीच्या स्टिअरिंगएवढी एक रिंग असते, ती दोन्ही हातांनी दाबायची नाहीतर ओढायची, डाव्या मांडीला एक पट्टा बांधायचा. आपण जागेवर धावलो की टीव्हीतला माणूस धावतो, आपण उठाबशा काढल्या की समोरच्या राक्षसाला मार बसतो. आधी लेकच खेळायचा (सातवीत आहे). एकदा त्याने फारच आग्रह केला म्हणून मी पट्टा बांधला आणि वीस मिनिटांत पाठ घामाने चिंब, दुसऱ्या दिवशी स्टेशनचा जिना उतरताना मांड्या भरून आलेल्या. पण तिसऱ्या दिवशी मला परत खेळावंसं वाटलं! व्यायाम परत करावासा वाटणं हे माझ्या बाबतीत आजवर कधी झालेलं नाही, जिमची वर्षाची फी भरून मी जेमतेम अकरा दिवस गेलेली बाई आहे, म्हणून हे सगळं विचारतेय.

शंका अशा, की पाऊण तास खेळलं तरी शेवटी स्क्रीनवर व्यायामाची वेळ १९ मिनिटं दाखवतो, मग डॉक्टरांचा अर्धा तास धरायचा कसा? आम्ही तिसऱ्या मजल्यावर, खालच्या काकूंचा दोनदा फोन आला की वर काय पडतंय, काका आजारी असतात त्यामुळे मला फार अपराधी वाटतं. उजवा गुडघा उतरताना थोडा दुखतो, हे करू ना? आणि लेकाचं काय, हाही शेवटी स्क्रीनच ना? सासूबाईंना काळजी वाटते की एवढी दमून येते आणि परत टीव्हीसमोर उड्या मारते, याने वजन उतरतं असं कोणी ऐकलंय का. मलाही नक्की माहीत नाही म्हणून तुम्हाला विचारतेय, कोणी महिनोन्महिने केलं असेल तर जरूर लिहा.


फिजिओ_गोदाकाठ (नाशिक)

निशिगंधाताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, इथे छोटं क्लिनिक आहे. सवडीने लिहिते कारण हा प्रश्न हल्ली पेशंटही विचारतात.

आधी त्या १९ मिनिटांचं. गेम फक्त तुम्ही प्रत्यक्ष हलत असता तो वेळ मोजतो. मेनू बघणं, पाणी पिणं, पुढची लेव्हल निवडणं, राक्षस हल्ला करेपर्यंत थांबणं हे काही धरत नाही. त्यामुळे १९ मिनिटं दिसली म्हणजे ती खणखणीत १९ मिनिटं आहेत, आपण जिममधे एक तास होतो म्हणतो त्यात मोबाइल बघण्याचा वेळ किती असतो ते आठवा. डब्ल्यूएचओचं २०२० चं मार्गदर्शन मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम असं आहे, आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचे ताकदीचे व्यायाम. तुमचे १९ रोज धरले तरी १३३ होतात, म्हणजे तुम्ही कुठच्या कुठे मागे नाही आहात. शिवाय उठाबशा, रिंग डोक्यावर धरून दाबणं, पोटाचे व्यायाम हे ताकदीचेच आहेत आणि नुसतं चालणारी मंडळी नेमकं तेच करत नाहीत. शुगरसाठी मांडीचे मोठे स्नायू कामाला लागणं फार महत्त्वाचं, साखर खेचून घेणारे तेच.

मध्यम म्हणजे किती हे घरी कसं ओळखायचं, तर खेळताना लेकाशी बोलता यायला हवं पण गाणं म्हणता यायला नको. गाणं म्हणता येतंय तर लेव्हल वाढवा, दोन शब्दही बोलता येत नसतील तर कमी करा.

आता दुसरी बाजूही सांगते. सगळे हलते गेम सारखे नाहीत. जपानमधे वी (निन्टेन्डोचंच जुनं यंत्र, रिमोट हातात धरून हलवायचा) त्यावरच्या वी स्पोर्ट्स आणि वी फिट या गेममधले ६८ प्रकार लोकांना एका बंद खोलीत खेळायला लावून, त्यांना किती ऑक्सिजन लागतो त्यावरून मोजले होते, २०१० साली ते छापून आलं. त्यातले ४६ हलके निघाले, २२ मध्यम, आणि जोरदार म्हणावा असा एकही नाही. बॉक्सिंग वगैरे बरं निघालं पण सोफ्यावर बसून नुसतं मनगट हलवलं तर काहीच नाही. तुमचा गेम त्यानंतरचा, २०१९ चा, आणि त्यात पायांना सूट मिळत नाही कारण पट्टा मांडीलाच आहे.

आणि सर्वात महत्त्वाचं. अमेरिकेत ह्यूस्टनला ९ ते १२ वर्षांच्या मुलांना वी दिला, काहींना हलायचे गेम, काहींना बसून खेळायचे, आणि किती खेळायचं हे मुद्दाम सांगितलं नाही. १३ आठवडे त्यांची हालचाल मोजली तर दोन्ही गटांत फरकच नाही (हे २०१२ चं). म्हणजे गेम घरात आणून ठेवला की मूल आपोआप हलायला लागेल हे खोटं. वेळ ठरवावी लागते आणि घरातलं कोणीतरी बरोबर उभं राहावं लागतं. माझ्याकडेही ज्यांनी सहा महिने टिकवलं त्या सगळ्यांच्या घरी हे दोघांनी मिळून केलेलं आहे, एकट्याने सुरू केलेले बहुतेक दुसऱ्या महिन्यात सुटले.

गुडघ्यासाठी मागे खुर्ची ठेवा. खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकाल इतकंच खाली जायचं, गुडघा आत कलू द्यायचा नाही, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा. गेममधे डिफिकल्टी ३० पर्यंत आहे, तुम्ही महिनाभर कमीवर राहा, घाई नको. सूज येत असेल किंवा गुडघा अडकल्यासारखा होत असेल तर आधी दाखवून घ्या. फरशीवर मोज्यांनी खेळू नका, घसरतं. आणि उत्साहाच्या भरात दोन-दोन तासही नको, वी नवीन आला होता तेव्हा २००७ साली स्पेनमधल्या एका डॉक्टरने स्वतःच टेनिसचा गेम तासन्‌तास खेळून खांदा धरल्याचं मेडिकल जर्नलला कळवलं होतं, त्या दुखण्याला तेव्हा वीआयटिस असं नावही पडलं.


तालमीची_माती (कोल्हापूर)

ताई राग मानू नका पण मला हे मनापासून पटत नाही. मी लहानपणी तालमीत गेलोय, पहाटे पाचला आजोबा उठवायचे, जोर आणि बैठका झाल्या की मग दूध. एक रुपया लागत नव्हता. आज बारा सूर्यनमस्कार घातले तर दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत आणि सगळं अंग मोकळं होतं, त्यासाठी हजारो रुपयांचं यंत्र आणि टीव्ही कशाला? तुमचं एक वेळ ठीक, पण मुलाबद्दल वाईट वाटतं. मुलानं मैदानावर पडावं, ढोपर फुटावं, माती झटकून परत उठावं, समोरच्याशी भांडावं आणि त्याच्याबरोबरच घरी यावं. कबड्डीत समोरचा पोरगा दम धरून येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत बघून जे कळतं ते टीव्हीतल्या राक्षसाकडे बघून कळणार नाही. ही माझी कळकळ आहे, तुमच्यावर टीका नाही.


निशिगंधा७९ (डोंबिवली)

@फिजिओ_गोदाकाठ किती नीट समजावून सांगितलंत हो, खूप आभार. खुर्चीचं आजच करून बघते.

@तालमीची_माती दादा, राग अजिबात नाही, तुमचं म्हणणं मला पटतंच. माझे वडीलही रोज बैठका काढायचे. पण आमच्या सोसायटीत मैदान म्हणजे जी जागा होती तिथे आता गाड्या लागतात, मुलं खेळली की वॉचमन ओरडतो, पावसात तर तेही नाही. शाळेत पीटीचा तास परीक्षा आली की गणिताला जातो. लेक घरी येतो तेव्हा मी ऑफिसात असते, त्याला एकट्याला लांबच्या ग्राउंडवर पाठवायचा धीर होत नाही. आणि सूर्यनमस्कारांचं म्हणाल तर मी किती वेळा सुरू केले असतील, पाचव्या-सहाव्या दिवशी आजचा दिवस राहू दे असं होतं आणि मग राहूनच जातं.


हिमगौरी (मिनेसोटा)

तालमीची_माती, तुमच्या आजोबांचं वाचून मला माझे आजोबा आठवले. पण इथे जानेवारीत उणे २० असतं, संध्याकाळी लवकर अंधार पडतो, आठवडेच्या आठवडे मुलांना बाहेर सोडता येत नाही. पहिल्या हिवाळ्यात माझं आठ किलो वजन वाढलं आणि मनही फार खचलं होतं, ते दिवस मला परत नकोत. नवऱ्याने व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवायचा, आत गेमचंच जग दिसतं) आणला आणि मी बीट सेबर सुरू केला, तो तीन वर्षं झाली चालू आहे.

यात काय असतं, तर दोन्ही हातांत दोन तलवारी, डावी लाल उजवी निळी, आणि गाण्याच्या ठेक्यावर समोरून ठोकळे येतात, ठोकळ्यावर बाण असतो त्या दिशेने कापायचं. मधेच भिंत येते की खाली बसायचं नाहीतर बाजूला व्हायचं. सोप्या लेव्हलला हात नुसते हलतात, पण एक्स्पर्टला गेलं की चार मिनिटांच्या एका गाण्यात धाप लागते. सुरुवातीला मी फक्त मनगटातून मारायची, तेवढ्याने गुण मिळतात पण घाम येत नाही. मग कळलं की खांद्यापासून पूर्ण हात फिरवला तर ठोकळ्याचे गुणही जास्त मिळतात, कारण किती मोठा घाव घातला त्यावर गुण असतात. तेव्हापासून पाठ, खांदे, कंबर सगळं लागतं. माझं गणित साधं, सहा गाणी रोज, मुलं झोपली की, गाण्यांचीच ओढ असते त्यामुळे आज नको असं मनात येत नाही.

पण निशिगंधाताई, हे घेऊ नका असंच मी म्हणेन, निदान आत्ता तरी. जागा जास्त लागते, हेडसेट अर्ध्या किलोचा आहे, मानेवर येतो, पहिल्या आठवड्यात मला मळमळायचं, आणि डोळे झाकलेले असल्यामुळे बाजूला मूल आलं तर दिसत नाही. एकदा माझी धाकटी पाणी मागायला आली आणि तिच्या कपाळाला लागलं, दोन टाके. त्या दिवसापासून खोलीचं दार आतून लावल्याशिवाय मी हेडसेट घालत नाही. तुमच्याकडे आहे तो रिंगवाला गेम घरातल्या माणसांत राहून खेळता येतो, हे फार मोठं आहे.


ठाणेकर_मुग्धा

खालच्या काकूंचा प्रश्न सोडवते कारण आम्ही त्यातून गेलोय. गेमच्या सेटिंगमधे आवाज न करता खेळायचा मोड आहे, तो लावला की जागेवर धावायचं नाही, गुडघ्यातून फक्त थोडं खालीवर व्हायचं, तेवढ्यावर टीव्हीतला माणूस धावतो. उलट मांड्यांना ते जास्त लागतं. हे जपानमधल्या पातळ भिंतींच्या घरांसाठीच केलं असावं असं मला नेहमी वाटतं. शिवाय योगा मॅटवर भागत नाही, ती पातळ असते, मुलांच्या खोलीत टाकतात ते जोडायचे फोमचे जाड तुकडे मिळतात ते चार आणा आणि त्याच्याखाली घरातली जाड सतरंजी दुमडून घाला. आमच्याकडे आता खाली काही जात नाही, मी स्वतः खाली जाऊन बसले आणि लेकीला वर खेळायला लावलं तेव्हा खात्री पटली. तुम्हीही तसंच करा, काकूंकडे जाऊन बसा, म्हणजे त्यांनाही वाटेल की आपली काळजी केली.

अजून एक, रिंगला टीव्ही लागतच नाही असाही एक प्रकार त्यात आहे. स्विच बंद असताना रिंग नुसती दाबत राहायची, ती मोजून ठेवते, ५०० पर्यंत, आणि पुढच्या वेळी गेम लावला की त्याचे गुण मिळतात. मी रात्री मालिका बघताना शंभरेक दाबते, सासूबाई भाजी निवडताना गप्पा मारतात तेव्हाही.

ज्यांच्याकडे हे काहीच नाही त्यांच्यासाठी, लॉकडाऊनमधे आम्ही जस्ट डान्स हा नाचायचा गेम लॅपटॉपवर लावून फोन हातात धरून खेळायचो, फोनच रिमोट होतो. उजव्या हाताची हालचाल तेवढी तो मोजतो, त्यामुळे पाय स्वतःहून हलवायचे हे मनाशी ठरवावं लागतं. आमच्या पुण्यातल्या भावाने सांगितलं की तो गेम बनवणाऱ्या उबीसॉफ्ट कंपनीच्या पुण्याच्या स्टुडिओनेही त्या गेमवर काम केलंय, तेव्हा आम्हाला फार भारी वाटलं होतं.


वऱ्हाडी_वाट (नागपूर)

आमच्याकडे उलटं आहे, पावसाळा परवडला पण मे महिन्यात ४५ डिग्रीत दिवसा बाहेर पाय ठेवणं शक्य नाही. मी पोकेमॉन गो वाला आहे, म्हणजे फोन घेऊन बाहेर फिरायचं आणि स्क्रीनवर दिसणारे पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायचे. गेम बाहेर २०१६ च्या जुलैत आला, आपल्याकडे त्याच वर्षी डिसेंबरमधे, तेव्हा सगळे खेळले आणि सोडून गेले, मी आणि माझा मुलगा अजून आहोत. त्यात अंडी मिळतात ती चालल्याशिवाय फुटत नाहीत, कोणतं २ किलोमीटरला, कोणतं ५, कोणतं १०. गाडीवरून वेगात गेलं तर अंतर धरत नाही, पायीच चालावं लागतं. पहाटे साडेपाचला फुटाळा तलावाच्या काठाने निघतो, मुलगा बारावीत आहे, एरवी माझ्याशी दोन वाक्यं बोलणार नाही, पण पाचव्या किलोमीटरपर्यंत शाळेतलं, मित्रांचं, त्याला पुढे काय करायचंय ते सगळं निघतं. गेल्या वर्षी माझं बीपी वाढलं होतं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा मला वेगळं काही सुरू करावं लागलं नाही.

एकच, रस्ता ओलांडताना फोन खिशात. मी पोराला नियम घातलाय, फूटपाथवर थांबायचं, पकडायचं, मग चालायचं. चालता चालता स्क्रीन बघायची नाही. २०२३ पासून त्यात हिंदीही आलंय, माझ्या बाबांनी त्यानंतर सुरुवात केली, वय ७०.

निशिगंधाताई, पाऊस थांबला की वहिनींना घेऊन हे बघा, घरातला गेम आणि हा दोन्ही चालू ठेवता येतात.


कृष्णाकाठ (कराड)

मी इथे लिहावं की नाही असा विचार करत होतो कारण आमचा व्यायाम फिजिओताईंच्या भाषेत हलकाच आहे. पण लिहितो.

बाबा गेल्यावर आई (७१) खुर्चीतून उठेनाशी झाली. पडायची भीती, एकदा न्हाणीघरात पडली होती. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम कागदावर लिहून भिंतीला लावले, आई म्हणायची उद्या करते. माझ्याकडे जुना वी होता, २००८ च्या सुमारास मित्राने दुबईहून आणलेला, माळ्यावर पडून होता. दिवाळीत माझ्या मुलीने तो काढला आणि बोलिंग लावलं. आई आधी बसून बघत होती. मग नातीचा बॉल सारखा बाजूला जायला लागला तशी म्हणाली, अगं हात सरळ सोड, आण इकडे. आणि उठली.

आता रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की खेळायला उभी राहते. आधी डाव्या हाताने उजव्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारते, मग रिमोटची दोरी मनगटात अडकवून घेते (दोरी मी कधीच विसरू देत नाही, एकदा माझ्याच हातून रिमोट सुटून टीव्ही फुटला होता), एक पाऊल पुढे टाकते आणि हात मागून पुढे आणते. पहिले पंधरा दिवस दुसऱ्या हाताने टेबल धरायची. आता धरत नाही. दहा डाव म्हणजे दहा वेळा, कधी वीस वेळा ते पाऊल पुढे पडतं आणि परत मागे येतं. फिजिओताई, याला व्यायाम म्हणायचं का ते तुम्ही सांगा, पण परवा ती एकटी अंगणापर्यंत जाऊन तुळशीला पाणी घालून आली, दीड वर्षानंतर.


फिजिओ_गोदाकाठ (नाशिक)

@कृष्णाकाठ, वाचून डोळे भरले. अहो याला व्यायाम नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? दम लागणं हे एक माप झालं. ६५ च्या पुढे तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत असं डब्ल्यूएचओही सांगतं, आणि पाऊल पुढे टाकून वजन त्यावर घेऊन परत मागे येणं हे आम्ही क्लिनिकमधे शिकवतो ते हेच. फक्त आईंच्या मागे एक भक्कम खुर्ची असू द्या, चप्पल पट्ट्याची घाला, आणि पुढच्या टप्प्यात कधीतरी डावं पाऊल पुढे, कधी उजवं असं करून बघा. तुमची आई नातीला शिकवायला उठली, हे मी माझ्या पेशंटच्या घरच्यांना सांगणार आहे.

@तालमीची_माती, तुमचंही चुकीचं नाही. मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी, ती सगळी गेममधून भागवू नये, मैदान मिळेल तेव्हा मैदानच. पण ज्या मुलाला आज शून्य मिनिटं मिळतायत त्याची वीस झाली तर मी ती वीस घेईन.


तालमीची_माती (कोल्हापूर)

कृष्णाकाठ, तुमच्या आईसाहेबांना माझा नमस्कार सांगा. मी जे लिहिलं ते पोरांसाठी होतं, यावर माझं काहीच म्हणणं नाही. निशिगंधाताई, वॉचमन पोरांवर ओरडतो हे वाचून वाईट वाटलं, पोरं खेळायची कुठं. एक सुचवतो, गेममधे बैठक मारता तर तीच बैठक सुट्टीच्या दिवशी गच्चीवर मुलाबरोबर विना गेमची मारा, किती जमतात ते मोजा. टाच उचलायची नाही, छाती पुढं, खाली जाताना श्वास घ्या आणि वर येताना सोडा. तुम्हाला काही विचारायचं असेल तर हक्कानं विचारा.


निशिगंधा७९ (डोंबिवली)

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

फोमचे तुकडे आणले, खाली सतरंजी, आवाज न करता खेळायचा मोड लावला. मुग्धाने सांगितलं तसं लेकाला वर खेळायला लावून मी काकूंकडे जाऊन बसले. काही ऐकू येत नव्हतं, पंख्याचाच आवाज. काकूंनी चहा केला आणि मग म्हणाल्या की फोन केला त्याचं मलाच वाईट वाटलं गं, पण यांना दुपारी झोप लागत नाही, संध्याकाळी जरा डोळा लागतो आणि नेमकं तेव्हाच वर सुरू व्हायचं. हे मला माहीतच नव्हतं. आम्ही वेळ बदलली, आता नऊ वाजता खेळतो, काका तेव्हा बातम्या बघतात.

मी आणि लेक आळीपाळीने, एक लेव्हल त्याची एक माझी, माझी चालू असताना तो बाजूला उभा राहून रिंगशिवाय तेच करतो. २५ दिवसांतले २१ दिवस झाले. गेम २० ते २३ मिनिटं दाखवतो. वजन १.४ किलो उतरलंय, फार नाही पण सलवारीची नाडी सैल झाली हे मला जास्त खरं वाटतं. गुडघा खुर्ची ठेवल्यापासून दुखत नाही, फक्त एका रविवारी दोनदा खेळले तेव्हा दुखला. चार दिवस चुकले ते ऑफिसातलं ऑडिट होतं, घरी यायला दहा वाजायचे. पाचव्या दिवशी लेकाने स्वतःच पट्टा आणून माझ्या हातात दिला. तो नसता तर ते चार दिवस चाळीस झाले असते हे मला पक्कं माहीत आहे.

एचबीएवनसी सप्टेंबरमधे करायचंय, आल्यावर इथेच टाकते.

कोल्हापूरच्या दादा, रविवारी पाऊस उघडला तेव्हा गच्चीवर गेलो होतो. मी १४, लेक ३१. टाच उचलली जाते हो माझी, दहाव्यानंतर. पायाखाली फळी घेऊ का नको?


तालमीची_माती (कोल्हापूर)

फळी नको ताई. पाय थोडे जास्त फाकवा आणि पंजे किंचित बाहेर करा, आणि दहालाच थांबा, दोन मिनिटं दम खाऊन परत पाच. घोटा मोकळा व्हायला वेळ लागतो. मुलाला म्हणावं ३१ झकास.